नांव ठेवण्यापूर्वीं

मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिला बारशाच्या पाळण्याजवळचा, दुसरा त्याच बारशाहून जेवून परततांनाचा. दोहोंमध्यें अंतर एका मात्रेचें व एका टिंबाचें. परंतु पहिलें करतां करतां मनुष्य दुसरें केव्हां करून बसतो, हें त्याचें त्यालाच पुष्कळदां कळत नाहीं. सदतीस वर्षें कोंकणांतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवून आम्ही २०१६ सालीं निवृत्त झालों. हा भेद मुलांस आम्हीं अनेकदां समजावून सांगितला होता. तो आमचा आम्हांस उमगण्यास मात्र गेला चातुर्मास उजाडावा लागला.

त्या दिवशीं दिवेलागण होऊन नातवंडांचा परवचा नुकताच आटोपला होता. धाकटी नात आपल्या आईचा फोन घेऊन आमच्या शेजारीं येऊन बसली व म्हणाली, “आजोबा, हा कोण तें ओळखा पाहूं!” फोनवर जपानांतील एका नदीचें चलच्चित्र चाललें होतें. रात्रीची वेळ, उथळ व नितळ पाणी, आणि त्यांतील गोट्यांवरून चार आंखूड पायांनीं संथपणें चालणारा एक प्राणी. डोकें रुंद व चपटें, डोळे मिरीच्या दाण्याएवढे, अंगावर तपकिरी व काळे ठिपके, लांबी सहज चार हात भरावी अशी. एक नातू म्हणाला मगर, दुसरा म्हणाला घोरपड. आमची मंडळी स्वयंपाकघरांतून डोकावून “अग बाई, हें काय ध्यान!” म्हणून परत गेली. आमच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. कारण या प्राण्याची वार्ता पस्तीस वर्षांपूर्वीं एकदां आमच्या कानीं आली होती, आणि आम्हीं ती भर वर्गांत खोटी ठरविली होती.

ती हकीगत अशी. १९८९ सालीं सातवीच्या वर्गास आम्हीं ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय निबंधास दिला. गाय, कुत्रा, पोपट असे नेहमींचे निबंध आले. एका मुलाचा मात्र वेगळा होता. त्याचे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. मुलानें लिहिलें होतें कीं, जपानच्या एका मत्स्यालयांत माझ्या बाबांनीं माणसाएवढा लांब, चार पायांचा, पाण्यांत राहणारा प्राणी पाहिला. तो कातडीनें श्वास घेतो. आणि त्याला मधोमध कापला तरी तो मरत नाहीं असें तिकडचे लोक म्हणतात. न्यायशास्त्र शिकलेला मनुष्य थट्टाही शास्त्रीय शब्दांतच करतो. आम्हीं तांबड्या शाईनें समासांत ‘असंभव’ असें लिहिलें, आणि तेवढ्यावर न थांबतां तो निबंध वर्गाला मोठ्यानें वाचून दाखविला. “तुझ्या बाबांना म्हणावें, पुढच्या खेपेस तो प्राणी बरोबरच घेऊन या,” असेंही म्हणालों. वर्ग खो खो हंसला. मुलगा मान खालीं घालून बसला. तास संपला, आम्ही तें विसरलों.

नातीनें तें चित्र दाखविल्यापासून मात्र आम्हांस चैन पडेना. मॅट्रिकपलीकडे आमचें इंग्रजी गेलेलें नाहीं. म्हणून मुलास व नातीस वाचावयास बसवून, अडलेल्या जागीं कोश उघडून, या प्राण्याविषयीं मिळेल तें आम्हीं समजून घेतलें. त्यांतील सार वाचकांपुढें ठेवितों.

हा मासा नव्हे, मगर नव्हे, घोरपडही नव्हे. बेडूक ज्या उभयचर वर्गांतला, त्याच वर्गांतला हा असून त्याच्या कुळास इंग्रजींत सॅलॅमँडर म्हणतात. आपल्याकडे दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरांत त्यांचा एक वीतभर लांबीचा भाऊबंद राहतो. सह्याद्रींत या कुळाचें कोणी नाहीं. महाकाय म्हणावे असे सॅलॅमँडर आज तीनच देशांत आढळतात. जपानांतला पांच फुटांपर्यंत वाढतो, चीनमधला सहा फुटांच्या घरांत जातो, आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतला सुमारें अडीच फुटांचा असतो. मराठींत यांना शब्द नाहीं. संस्कृतावरून एखादा भारदस्त शब्द घडविण्याचा मोह आम्हांस झाला होता. तो आम्हीं आवरला, आणि कां आवरला तें पुढें दिसेलच.

याचें घर म्हणजे डोंगरांतून येणारें थंड, वाहतें, स्वच्छ पाणी. त्याच्या दोन्ही कुशींवर कातडीच्या सैल घड्या असतात, जणूं मापापेक्षां मोठा अंगरखाच घातला आहे. या घड्यांचें प्रयोजन श्वासाचें आहे. त्याला फुप्फुसें असलीं तरी पाण्यांतील प्राणवायु तो मुख्यतः कातडीवाटे घेतो, आणि कातडीचा विस्तार जितका अधिक तितका श्वास अधिक. म्हणूनच पाणी तुंबलें, तापलें किंवा गढूळ झालें कीं त्याचा कोंडमारा होतो. म्हणजे त्या मुलाच्या निबंधांतील ‘कातडीनें श्वास घेतो’ हें वाक्य अक्षरशः खरें होतें.

त्याच्या डोळ्यांना पापण्या नसतात व दृष्टि मंद असते. परंतु पाण्याची बारीकशी हालचालही त्याच्या त्वचेला समजते. दिवसा तो कांठाखालच्या बिळांत किंवा दगडाखालीं पडून राहतो, रात्रीं बाहेर पडतो. मासा किंवा खेंकडा टप्प्यांत आला कीं आपलें रुंद तोंड तो एकाएकीं उघडतो, आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आंत ओढलें जातें. त्याचें आयुष्यही दीर्घ आहे. जपानांत डच व्यापाऱ्यांच्या वखारीवर वैद्य असलेल्या सीबोल्ट नांवाच्या जर्मन पंडितानें जपानांतून युरोपांत नेलेला एक सॅलॅमँडर १८३० मध्यें हॉलंडला पोंचला, आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत तो १८८१ पर्यंत जगला. आमच्या साऱ्या नोकरीहून चौदा वर्षें अधिक!

परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती त्याची गृहस्थी. उन्हाळा सरतां सरतां, म्हणजे आपल्या भाद्रपदाच्या सुमारास, एखादा थोर नर नदीकांठच्या बिळाचा ताबा घेतो. जपानी लोक त्याला ‘नुशी’, म्हणजे धनी म्हणतात. माद्या येऊन त्या बिळांत अंडीं घालून जातात. एकेका मादीचीं चारपांचशें अंडीं जपमाळेच्या मण्यांसारखीं एका तंतूंत ओंवलेलीं असतात. आई निघून जाते, बाप राहतो. तो शेपटी हलवून अंड्यांवर पाणी खेळतें ठेवतो, म्हणजे त्यांना प्राणवायु मिळतो. अंडीं खावयास येणाऱ्यांस तो हांकून लावतो. जें अंडें मेलें किंवा ज्याला बुरशी धरली तें तो स्वतः गिळून टाकतो, कारण एकाची बुरशी सगळ्या माळेस लागते. पुढें पिलें निघालीं तरी तो त्यांना टाकून जात नाहीं. पिलें हिवाळ्यांत तेथून बाहेर पडेपर्यंत तो बिळाशीं राहतो. ज्याला लोकांनीं ध्यान म्हटलें, राक्षस म्हटलें, त्याचें हें आचरण आहे.

आतां त्याच्या नांवांकडे वळूं. जपानी भाषेंत त्याला ‘ओसान्शोउओ’ म्हणतात. ‘ओ’ म्हणजे मोठा, ‘सान्शो’ म्हणजे तेथील एक मिरीसारखा मसाला, आणि ‘उओ’ म्हणजे मासा. चिडला असतां त्याच्या अंगांतून जो चिकट द्रव सुटतो त्याला या सान्शोसारखा वास येतो. आमच्या कोंकणांतील वाचकांस हा वास अगदींच परका नाहीं. आपण डाळीच्या आमटींत जें तिरफळ टाकतों, आणि मत्स्याहारी घरीं जें बांगड्याच्या कालवणांत पडतें, तें तिरफळाचें झाड आणि जपानी सान्शो हीं एकाच कुळांतलीं. त्याचें दुसरें नांव ‘हान्झाकी’. अर्धा चिरला तरी जगणारा, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. ओकायामा प्रांतांतील युबारा या गांवीं पूर्वीं मारिलेल्या एका प्रचंड हान्झाकीचें लहानसें देऊळ आहे, आणि दरवर्षीं ऑगस्टांत त्याची भली मोठी प्रतिकृति करून मिरवणूक काढतात. चिरलेला सॅलॅमँडर अर्थातच जगत नाहीं. परंतु तसें म्हणतात हें खरें. आणि त्या मुलानें तरी दुसरें काय लिहिलें होतें? ‘असें तिकडचे लोक म्हणतात’! पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें हा विवेक बारा वर्षांच्या पोरानें राखिला होता. तो न राखणारा तर्कसंग्रह शिकविणारा पंतोजी होता.

चिनी लोक त्याला ‘वावायू’, म्हणजे बाळमासा म्हणतात. त्याचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा असतो अशी तेथील समजूत. अमेरिकेंत त्याच्या नांवांत नरक व सैतान आले आहेत. तो चावला तर विष चढतें अशा समजुतीनें कित्येक कोळ्यांनीं गळास लागलेले हे निरुपद्रवी प्राणी ठेंचून मारिले. पाण्यांत राहतो तेवढ्यावरून मासा म्हणणें ही नैयायिकांच्या भाषेंत अतिव्याप्ति झाली. परंतु निदान ती निरुपद्रवी होती. सैतान म्हणणें तितकें निरुपद्रवी ठरलें नाहीं.

पंडितांचीही गोष्ट याहून वेगळी नाहीं. झुरिचचा योहान याकोब शॉइख्झर हा नामांकित वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ होता. ओहनिंगेन येथील दगडाच्या खाणींत सांपडलेला एक सांगाडा त्याच्या हातीं आला. बायबलांतील महापुरांत बुडालेल्या पापी मनुष्याचा हा सांगाडा, असें त्यानें १७२६ मध्यें जाहीर केलें, आणि ‘जलप्रलयाचा साक्षी मनुष्य’ असें त्याचें लॅटिन नांव ठेविलें. ज्याचा जन्म माणसांच्या देहांचा अभ्यास करण्यांत गेला त्याला माणसाचें हाड ओळखूं आलें नाहीं, कारण उत्तर त्याच्या मनांत आधींच ठरलेलें होतें. पुढें तो दगड हार्लेम येथील टायलर्स संग्रहालयांत गेला. तेथें १८११ मध्यें फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिये आला. त्यानें सॅलॅमँडरच्या सांगाड्याचें चित्र समोर ठेविलें, अनुज्ञा घेऊन तो दगड हळूहळू खरवडला, आणि आंत दडलेले पुढचे पाय सर्वांसमक्ष उघडे केले. प्रलयाचा साक्षी हा एक महाकाय सॅलॅमँडर होता, सव्वा कोटि वर्षांपूर्वींचा! त्या लुप्त जातीच्या नांवांत आज शॉइख्झरचें नांव जोडलेलें आहे. आपल्याकडेही मनूच्या प्रलयकथेंत एक जलचर आहे; परंतु शतपथ ब्राह्मणांतला मनु ओंजळींत आलेल्या त्या इवल्याशा मत्स्याचें म्हणणें आधीं ऐकून घेतो, त्याला घड्यांत, मग खड्ड्यांत, मग समुद्रांत वाढवितो, आणि शेवटीं तोच त्याला तारतो. ऐकून घेण्याचा हा भाग आम्हीं कित्येक वर्षें शिकविला, पण आमच्या लक्षांत राहिला नाहीं.

शॉइख्झरच्या चुकीनें कोणाचें कांहीं गेलें नाहीं; तो सॅलॅमँडर केव्हांच दगड झाला होता. चीनमध्यें तसें झालें नाहीं. महाकाय सॅलॅमँडर तेथें धनिकांच्या मेजवानीचा पदार्थ झाला, नद्यांतून तो बेसुमार पकडला गेला, आणि मग त्याची शेती सुरू होऊन लक्षावधि प्राणी हौदांत वाढविले जाऊं लागले. हौदांतले प्राणी नद्यांत सोडले कीं वंश पुन्हां वाढेल, या सद्हेतूनें सरकारी अधिकाऱ्यांनीं ते ठिकठिकाणीं सोडले. चीनमधला सॅलॅमँडर म्हणजे एकच जात, हें सर्वांनीं गृहीत धरिलें होतें. २०१३ ते २०१६ या काळांत चिनी व इंग्रज शास्त्रज्ञांनीं सोळा प्रांतांतील ९७ जिल्ह्यांच्या नद्या धुंडाळल्या. एवढ्या शोधांत चार ठिकाणीं मिळून अवघे २४ प्राणी हातीं लागले, आणि तेही बहुधा शेतींतूनच आलेले होते. २०१८ मध्यें दुसरें सत्य उघड झालें. अनुवंशाच्या परीक्षेंत ती एक जात नसून निदान पांच निरनिराळ्या जाती निघाल्या, प्रत्येकीचें नदीखोरें वेगळें. हौदांत त्यांची सरमिसळ झाली होती, आणि तीच सरमिसळ नद्यांत सोडली जात होती. अनेकांस एकच नांव ठेविल्याचा हा परिणाम. ज्या जातीला स्वतःचें नांवच नाहीं, ती नाहींशी झाली हें कळणार तरी कोणास?

यांतील एका जातीस खरें पाहतां नांव मिळालें होतें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील एका सॅलॅमँडरवरून १९२४ मध्यें तिला ‘स्लिगोई’ हें वेगळें नांव दिलेलें होतें. पुढें पंडितांनीं तें अनावश्यक मानिलें, आणि २०१९ मध्यें पुन्हां उजेडांत आणिलें. तोंवर ती जात चीनच्या नद्यांतून जवळजवळ पुसली गेली होती. याच्या पुढचा प्रकार मात्र विलक्षण आहे. १९७२ च्या सुमारास जपानांत खाण्यासाठीं चिनी सॅलॅमँडर आणिले गेले. त्यांतले कांहीं क्योतो शहरांतील कामो नदींत पोंचले, तेथील मूळच्या जपानी जातीशीं त्यांचा संकर झाला, आणि आज त्या नदींत शुद्ध जपानी सॅलॅमँडर दुर्मिळ होऊन संकरजच फार झाले आहेत. परकी उपद्रव म्हणून शास्त्रज्ञ हे प्राणी पकडून तपासूं लागले. तपासतां तपासतां २०२४ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, जपानांत आलेल्या त्या परक्यांपैकीं कांहीं थोडे शुद्ध स्लिगोई आहेत, व त्यांतले दोन पाळलेल्या स्थितींत जिवंत आहेत. त्यांची तपासणी न करतां सर्वांस उपद्रव हेंच एक नांव ठेविलें असतें, तर जगांतील अत्यंत दुर्मिळ उभयचरांपैकीं दोन जीव नकळत हातचे गेले असते.

आशेला जागा नाहीं असें नाहीं. जपाननें १९५२ मध्यें आपल्या सॅलॅमँडरला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. हिरोशिमाच्या आसा प्राणिसंग्रहालयांत १९७९ मध्यें बंदिवासांत प्रथमच त्याचीं पिलें निघालीं. अंडीं घालण्यासाठीं नदीच्या वरच्या अंगास जाणारे हे प्राणी बंधाऱ्यांच्या भिंतींपाशीं अडतात, आणि सिमेंटच्या कांठांत त्यांना बीळ सांपडत नाहीं. म्हणून कांहीं ठिकाणीं बंधाऱ्यांस उतरते मार्ग व कांठांत कृत्रिम बिळें बांधून दिलीं आहेत. अमेरिकेंत मिझुरी व आर्कान्सा या संस्थानांतील ओझार्क उपजातीस २०११ मध्यें कायद्यानें संरक्षण मिळालें, आणि त्याच वर्षीं सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयांत तिचीं पिलें प्रथम निघालीं. मात्र पिलें वाढविणें त्या मानानें सोपें. त्यांना सोडावयास जें थंड व निर्मळ पाणी पाहिजे तें राखणें कठीण. गाळ येऊन दगडांखालच्या फटी बुजल्या कीं सोडलेल्या प्राण्यानें राहावें कोठें?

हें सारें समजून घेतल्यावर एक काम आमच्याकडे उरलें होतें. शिमग्याच्या पालखीस आम्ही त्या जुन्या गांवीं गेलों, तेव्हां त्या मुलाचा पत्ता विचारीत बंदरावर गेलों. तो आतां पन्नाशीच्या जवळ आला असून होड्यांच्या यंत्रांची दुरुस्ती करतो. हात पुसून त्यानें आम्हांस बांकावर बसविलें, चहा मागविला. आम्हीं फोनवरचें चित्र त्याच्यापुढें धरलें आणि म्हणालों, “तूं लिहिलेंस तें खरें होतें. चूक आमची होती. तें सांगण्यास आलों आहों.”

तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आठवतं, गुरुजी. तुमचा राग नव्हता आला. तुम्ही म्हणालांत म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. घरीं जाऊन बाबांनाच म्हटलं, तुम्ही खोटं सांगतां, असा प्राणी नसतो. ते कांहीं बोलले नाहींत. पुढें बोटीवरून आले कीं खाऊ आणायचे. गोष्ट कधीं सांगितली नाहीं.” थोडें थांबून तो म्हणाला, “बाबा आतां नाहींत.”

यावर आम्हीं काय बोलावें? एका मुलाची थट्टा केली एवढेंच आम्ही समजत होतों. एका बापाचें तोंड आम्हीं मिटविलें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. चहा निवून गेला. निघतांना त्यानें तें चित्र आपल्या फोनवर मागून घेतलें. “आईला दाखवतों,” म्हणाला.

या मासिकाचे वाचक बहुधा आमच्यासारखेच भरल्या घरांत राहणारे आहेत. अशा घरीं मुलें शाळेंतून, अंगणांतून, हल्लीं फोनमधूनही नाना तऱ्हेच्या वार्ता आणतात, आणि वडील माणसें त्यांवर तत्काळ निकाल देतात. त्यांतल्या कांहीं खोट्याही असतील. परंतु निकाल देण्यापूर्वीं कुव्हियेप्रमाणें दगड थोडा खरवडून पाहण्यास वेळ लागतो तो किती? आमची नात परवां सांगत आली कीं, परसांतल्या आळ्यांत दोन तोंडांचा साप आहे. ओंठांवर आलेला शब्द आम्हीं गिळला, आणि चपला पायांत सरकवून म्हणालों, “चल, कोठें पाहिलास तें दाखीव.”